बैल कुठे होता? : झुंजी-शर्यतींच्या लेखनाचे एक वाचन

२०१६ सालच्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी एका व्याख्यानमालेत मी बैलगाडा शर्यतीवर बोललो होतो. तेव्हा शर्यती बंद होत्या आणि बंदीच्या बाजूने व विरोधात भरपूर लिहिले जात होते. मी दोन्ही बाजू सोडून 'संस्कृतीचे वाचन' मांडले. घाटावर धावतो तो बैल नव्हे, गाडामालकाची प्रतिष्ठा धावते. बक्षिसाची रक्कम ही भावकीतल्या जुन्या हिशेबांची भाषा असते. हलगी, गुलाल आणि फेटा ही त्या भाषेची चिन्हे असतात, असा एकूण सूर होता. टाळ्या बऱ्या पडल्या. मागच्या रांगेत माझे चुलते बसले होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. त्यांनी उमेदीच्या काळात शर्यतीचे खोंड तयार केले होते. घरी परतताना ते एवढेच म्हणाले, "सगळं बरं सांगितलंस. पण त्यात बैल कुठं होता रं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे काही वर्षे मी प्राण्यांच्या झुंजी आणि शर्यती यांवरचे जुनेनवे लेखन हाच प्रश्न मनात धरून पुन्हा वाचले. शर्यत सेकंदांत संपते, झुंज काही मिनिटांत. त्यामागे प्राण्याला निवडणे, खाऊपिऊ घालणे, चालवणे, आवाजाला सवयीचे करणे, कधी उपाशी ठेवणे आणि कधी दुखवणे, अशी महिन्यांची आणि वर्षांची मेहनत असते. या मेहनतीला मी येथे 'तालीम' म्हणतो. आपल्याकडच्या आणि बाहेरच्या लेखनात या तालमीचे काय झाले, ती कोणाला दिसली आणि ती दिसल्यावर त्याने पुढे काय केले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पैज दिसते, प्राणी दिसत नाही

आपल्या धर्मशास्त्राने या व्यवहाराला स्वतंत्र शब्द दिला आहे, 'समाह्वय'. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात द्यूत आणि समाह्वय यांतला भेद सांगितला आहे. निर्जीव वस्तूंनी खेळतात ते द्यूत आणि सजीवांकडून खेळवतात तो समाह्वय. व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली जातात, त्यांत ही दोन्ही मिळून एक पद होते. मनू राजाला दोन्ही बंद पाडायला सांगतो. कौटिल्याची वृत्ती वेगळी आहे. तो द्यूतावर अध्यक्ष नेमतो, खेळ एका जागी आणतो आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाकडे घेतो.

एक बंदी घालतो, दुसरा कर बसवतो. वरवर या दोन टोकांच्या भूमिका वाटतात, पण नजर एकच आहे. दोघांनाही पैज दिसते, तिच्यातून निघणारी भांडणे दिसतात, पैसा दिसतो. फासा आणि कोंबडा यांत फरक असल्याचे या परंपरेने व्याख्येतच मान्य केले. पण त्या फरकाने पुढे काही बदलते काय, याची चौकशी केली नाही. फासा तयार करावा लागत नाही, कोंबडा करावा लागतो. फाशाला भूक लागत नाही. आजही या विषयावरचा वाद 'बंदी की नियमन' या दोनच वाटांनी चालतो, त्याची मुळे मला इथे दिसतात.

राजाची वही आणि दंडीचा म्हातारा

तालीम ज्याला दिसली असा ग्रंथ म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास'. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला हा संस्कृत ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक असतो तो बहुधा महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात, या उल्लेखामुळे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. पाच विंशती आणि शंभर अध्याय अशा या ग्रंथाची चौथी विंशती राजाच्या विनोदांची, म्हणजे करमणुकींची आहे. त्यांत हत्ती-घोड्यांचे खेळ आणि मल्लयुद्ध यांच्याबरोबर कोंबडे, लावे, एडके, रेडे, पारवे, कुत्रे आणि ससाणे यांना स्वतंत्र प्रकरणे मिळाली आहेत. आज आपण संगीत आणि नृत्य यांसाठी जो भाग उघडतो, त्याच्या अलीकडेच ही प्रकरणे आहेत. ग्रंथकर्त्याने त्यांच्यात उच्चनीच मानलेले नाही.

सोमेश्वराची पद्धत यादीची आहे. जाती कोणत्या, लक्षणे कोणती, पोसावे कसे, भिडवावे कसे, हरला-जिंकला कसे ठरवावे. कोंबड्याकडे तो ज्या बारकाईने पाहतो त्याच बारकाईने तो रत्नाकडे पाहतो. या यादीत प्राणी आहे; पण पोसणारा माणूस नाही. राजाच्या पदरी ही कामे करणारे कोण होते, ते पहाटे उठून काय करीत, पक्षी मेला तर त्यांना काय वाटे, यांपैकी काहीही या वहीत येत नाही. ज्ञान आहे, पण ते ज्या हातांचे आहे ते हात पुसून टाकलेले आहेत.

ते हात नव्हेत, निदान ते डोळे दंडीच्या 'दशकुमारचरिता'त क्षणभर दिसतात. प्रमती श्रावस्तीला निघालेला असताना वाटेत व्यापाऱ्यांच्या एका वस्तीत कोंबड्यांची झुंज लागलेली असते. ती पाहून त्याला हसू फुटते. शेजारी बसलेला म्हातारा ब्राह्मण हळूच कारण विचारतो. प्रमती सांगतो, ही जोडी मुळातच विजोड आहे. समोरचा कोंबडा जातीने आणि ताकदीने वरचढ असताना या लोकांनी बलाका जातीचा कोंबडा त्याच्यावर सोडला आहे. म्हातारा त्याला गप्प राहायला सांगतो, या अडाण्यांना शिकवून काय करायचे, असे म्हणतो आणि आपल्याजवळचा कापूर घातलेला विडा त्याला देतो. पुढे दोघांची मैत्री जमते आणि कथानक भलतीकडे निघून जाते.

दंडी त्या म्हाताऱ्याला 'तज्ज्ञ' म्हणतो. आज आपण हा शब्द परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिकांवर छापतो. इथे तो आखाड्याच्या कडेला, विडा देऊन ज्ञान लपवणाऱ्या माणसासाठी आला आहे. पैजेच्या जगातले ज्ञान असेच असते, सांगितले की त्याची किंमत जाते. तालमीविषयी लिहिलेले कमी सापडते, याचे एक कारण हेही असावे. ज्यांना माहीत होते त्यांचा फायदा गप्प राहण्यात होता आणि जे लिहीत होते ते प्रेक्षकांत बसले होते.

शररांचे बटेर

हे मौन मोडणारा लेखक मला उर्दूत भेटला. अब्दुल हलीम शरर (१८६० ते १९२६) यांनी 'दिलगुदाज' या आपल्या मासिकात लिहिलेली 'गुजश्ता लखनऊ' ही लेखमाला. वाजिद अली शाह १८५६मध्ये पदच्युत होऊन कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला राहू लागला. शररांचे पोरवय त्या मटियाबुर्जमध्ये गेले. त्यामुळे ते लिहितात ते विझत आलेल्या एका दरबाराची धग लागलेल्या माणसाच्या हाताने. पाककला, पोशाख, शायरी यांच्या बरोबरीने त्यांनी हत्ती, एडके, कोंबडे आणि बटेर यांच्या झुंजींवर सविस्तर लिहिले आहे.

बटेर म्हणजे आपला लावा. लपून राहणारा, घाबरट पक्षी. त्याला लढवय्या कसे करायचे? शरर क्रमाने सांगतात. आधी त्याला ओले करून तासन्‌तास मुठीत धरायचे, म्हणजे त्याची माणसाची भीती मोडते. मग त्याला उपाशी ठेवून अंगावरची चरबी उतरवायची. रात्री त्याच्या कानाशी 'कू' असे ओरडत राहायचे. या क्रियेला त्या धंद्यात स्वतंत्र शब्द आहे, 'कूकना'. एवढे झाले की मऊ पक्ष्याचे अंग काटक होते आणि तो भिडायला तयार होतो.

या वर्णनात शरर कुठे हळहळत नाहीत, कुठे बढाईही मारीत नाहीत. पुलाव कसा करावा हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात ते पक्ष्याची झोप मोडण्याविषयी सांगतात. मला हा त्यांचा गुण वाटतो. वाचकाला निवाडा आयता मिळत नाही, पण निवाड्याला लागणारा सगळा ऐवज मिळतो. एक माणूस रात्र-रात्र एका पक्ष्याला तळहातात धरून बसला आहे. त्याच्या इतक्या जवळ दुसरे कोणी नाही, आणि तोच त्याला झोपू देत नाही. माया आणि छळ यांची फारकत या मुठीत करता येत नाही. 'मानसोल्लासा'त पुसलेला हात इथे परत आला आहे.

बालीतला निबंध आणि त्याचा वारसा

माझे २०१६चे व्याख्यान ज्या निबंधावर उभे होते तो म्हणजे क्लिफर्ड गीर्ट्‌झ या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाचा, बालीतल्या कोंबड्यांच्या झुंजींवरचा १९७२ सालचा निबंध. १९५८च्या एप्रिलमध्ये गीर्ट्‌झ आणि त्यांच्या पत्नी बालीतल्या एका खेड्यात राहायला गेले. झुंजी बेकायदा होत्या. शाळेसाठी पैसा उभा करायला गावाने झुंज लावली, पोलीस आले, गावकऱ्यांबरोबर हे दोघेही पळाले, आणि त्या पळण्यामुळे गावाने त्यांना आपले मानले. या प्रसंगाने सुरू होणारा निबंध पुढे मधली मोठी पैज आणि कडेच्या छोट्या पैजा यांचे गणित मांडतो. मधली पैज नेहमी बरोबरीची असते, कडेच्या पैजा विषम असतात. सामने जितके तुल्यबळ आणि पैज जितकी मोठी, तितका पैसा गौण ठरतो आणि मान पणाला लागतो, असा त्याचा निष्कर्ष. झुंज ही एक संहिता आहे आणि बालीतला माणूस तीत आपल्याच समाजाची घडण वाचतो, या मांडणीने जगभरच्या अभ्यासाला वळण दिले. आपल्याकडे कुस्तीपासून दहीहंडीपर्यंत अनेक विषयांवर या पद्धतीने लिहिता येते, आणि मीही लिहिले आहे.

नानांच्या प्रश्नानंतर हा निबंध पुन्हा उघडला तेव्हा सुरुवातीचा एक परिच्छेद नव्याने दिसला. बालीतले पुरुष कोंबड्यांना निवडक मका भरवतात, दाण्यांतला कचरा वेचून काढतात. तान्ह्या बाळाला ज्या औषधी पाल्याच्या, फुलांच्या, कांद्याच्या कोमट पाण्याने न्हाऊ घालतात त्याच पाण्याने कोंबड्याला न्हाऊ घालतात. पाय चोळून देतात. आणि चेव यावा म्हणून त्याच्या चोचीत व गुदद्वारात लाल मिरची भरतात. हे सगळे गीर्ट्‌झ यांनी पाहिले, टिपले आणि लगेच ते पुढे गेले. कारण त्यांच्या दृष्टीने तो पुरुषांच्या कोंबडावेडाचा पुरावा होता. बाळाचे पाणी आणि मिरची एकाच हातात कशी असते, हा प्रश्न त्यांना पडला नाही. कोंबडा पुरुषाचे रूपक ठरला आणि रूपक ठरल्यावर त्याला मिरची झोंबेनाशी झाली.

यावर असे म्हणता येईल की तो मानवशास्त्रज्ञ होता, त्याचा विषय माणूसच असणार. हे मान्य आहे. माझी तक्रार त्याच्यापेक्षा त्या पद्धतीच्या आमच्यासारख्या वापरणाऱ्यांविषयी आहे. त्याने निदान कोंबड्यांबरोबर महिने काढून मग रूपक केले. आम्ही रूपक हातात घेऊनच घाटावर गेलो.

पेट्टैकारनची चूक

तालमीलाच नाट्याच्या केंद्रस्थानी आणणारी कलाकृती म्हणून वेट्रिमारन यांच्या 'आडुकळम' (२०११) या तमिळ चित्रपटाचा विचार करावा लागतो. अठ्ठावन्नाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सहा पुरस्कार मिळाले. मदुराईकडचा पेट्टैकारन हा झुंजीचे कोंबडे तयार करणारा जाणता वस्ताद. ही भूमिका व. ऐ. च. जयपालन या श्रीलंकेतल्या तमिळ कवीने केली आहे. एक कोंबडा कामाचा नाही असे वस्ताद ठरवतो आणि तो कापायला सांगतो. त्याचा शिष्य करुप्पू तो कापत नाही, लपवून तयार करतो, वस्तादाच्या मनाविरुद्ध रिंगणात उतरवतो आणि जिंकतो.

इथे दंडीच्या तज्ज्ञाची गोष्ट उलटी झाली आहे. म्हाताऱ्याचा डोळा चुकला. पक्षी जिंकला म्हणजे गुरू हरला. चार लोकांसमोर दिसलेली ही चूक पेट्टैकारनला सोसत नाही. पुढचा चित्रपट हा त्याच्या मत्सराचा, कारस्थानाचा आणि शेवटी आत्मनाशाचा आहे. पैसा कोणी किती जिंकला हे आपण विसरतो. तालीम देणाऱ्याचा अहंकार कसा घडतो, प्राण्याला घडवताना तो स्वतःला किती प्रमाणात त्यात घालतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी कलाकृती माझ्या पाहण्यात नाही.

तरीही नानांचा प्रश्न इथे लावून पाहिला तर उत्तरार्धात अडचण येते. मध्यंतरानंतर कोंबडे हळूहळू पडद्यावरून उतरतात. माणसांचे वैर पेटले की पक्ष्यांची गरज संपते. ज्या जिवाला कापायचे की वाचवायचे यावरून सगळे सुरू झाले, त्याचे पुढे काय झाले याची कोणाला आठवण राहत नाही. चित्रपट तालमीपर्यंत पोचला. पण तालमीतल्या दोघांपैकी एकालाच घेऊन पुढे गेला.

कायद्याच्या पोथीतला 'शिकवणे' हा शब्द

गंमत अशी की ज्या वर्षी 'आडुकळम' आला त्याच वर्षीच्या जुलैत केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम २२नुसार काही प्राण्यांचे खेळ दाखवणे किंवा त्यासाठी त्यांना शिकवणे मना आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह या यादीत आता बैल आला. आपल्या सगळ्या वादाच्या मुळाशी असलेले कलम केवळ पळवण्याबद्दल नाही, शिकवण्याबद्दलही आहे, हे माझ्या व्याख्यानात मी सांगितले नव्हते. मला ते ठाऊकही नव्हते.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवल्या. ते निकालपत्र मी साहित्याचा वाचक म्हणून वाचले. त्यात बैलाचे शरीर आहे. त्याची भीती, त्याचे पिरगाळलेले शेपूट, त्याची पळून जाण्याची धडपड आहे. घोड्यासारखी बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, असाही मुद्दा आहे. बैलाला काय होते हे इतक्या गांभीर्याने विचारणारे लेखन आपल्या ललित साहित्यातही थोडेच असेल. मात्र त्यातला बैल केवळ दुखणारा आहे. त्याला ओळखणारा, त्याच्या नावाने हाक मारणारा माणूस त्या पानांवर येतो तो आरोपी म्हणूनच. पुढे महाराष्ट्राने २०१७मध्ये कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ला न्यायालयाने शर्यतींना सशर्त वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. नव्या कायद्यांनी वेदना बऱ्याच कमी होतात आणि संस्कृती कोणती हे विधिमंडळाने ठरवावे, असा या निकालाचा रोख. इथे माणूस परतला, तो परंपरेचा वारसदार म्हणून. आधीच्या पानांवरचे ते भ्यालेले जनावर मात्र मागे सरले.

याच्या शेजारी १९९६चा सर्वोच्च न्यायालयाचा घोड्यांच्या शर्यतीवरचा निकाल ठेवावा. घोड्याचा वेग आणि दम तालमीने येतो, जॉकी कसबी असतो, म्हणून ही शर्यत कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे १८८३पासून चालत आलेल्या महालक्ष्मीच्या मैदानावर तालीम हे कौशल्य ठरते आणि पैज कायदेशीर होते. घाटावर मात्र त्याच तालमीला आधी मनाई झाली आणि नंतर तिला परंपरा म्हणून सूट मिळाली. कौशल्य म्हणून तिची नोंद झाली नाही. घोड्याच्या शिक्षकाला कसबी म्हणायचे आणि खोंडाच्या शिक्षकाला एकदा क्रूर, एकदा संस्कृतिरक्षक म्हणायचे, यात प्राण्यांपेक्षा माणसांच्या पायऱ्या जास्त दिसतात.

आढ्याची पराणी

शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर मी नानांकडे वही घेऊन गेलो. आता त्यांच्या दावणीला शर्यतीचा बैल नाही, पण बोलायला हुरूप होता. त्यांनी खिल्लार गोऱ्हा पारखायचा कसा तिथून सुरुवात केली. छाती, खूर, पायांची ठेवण. आवाज झाला तर कान टवकारतो की बिचकतो. आदत असताना काय करायचे, दुसा झाल्यावर काय. नवा खोंड आधी जाणत्या बैलाच्या जोडीला चालवायचा, कारण "माणसापरीस बैलच बैलाला लवकर शिकवतो". तळ्यात पोहणी घालायची, उडदाचे पीठ, दूध, अंडी किती आणि केव्हा. गाडा न जुंपता घाट नुसता दाखवून आणायचा, हलगी कानावरून जाऊ द्यायची. तासभर ते बोलत होते, आणि या तासात बक्षीस, मान, भावकी यांतला एकही शब्द आला नाही.

मग मी वर आढ्याकडे पाहिले. तिथे टोकाला खिळा असलेली जुनी पराणी खोचलेली होती. लहानपणापासून मी ती पाहत आलो आहे. "नाना, ही?"

ते थोडे थांबले. "ती बी लागायची. खोटं कशाला बोलू? प्रत्येकाला नाही लागायची. पण लागायची."

बैल कुठे होता, असे ज्यांनी मला विचारले त्यांच्याही घरात बैलाच्या बाजूचे संपूर्ण उत्तर नव्हते. पण त्यांनी पराणी लपवली नाही, आणि उडदाच्या पिठाचे मापही तोंडावर फेकले नाही. त्या दिवशी मला शररांची आठवण झाली. मराठी ललित लेखनात बैल पुष्कळ आला, तो मुख्यतः औताचा, पोळ्या-बेंदराचा, दुष्काळात विकला जाणारा. शेतकऱ्याच्या दुःखाची खूण म्हणून. शर्यतीच्या बैलाकडे शररांच्या नजरेने पाहायचे तर उडीद आणि खिळा एकाच वाक्यात लिहावे लागतील, आणि लिहिणाऱ्याला बंदीवाले व शर्यतवाले या दोन्ही गर्दींपासून थोडे लांब उभे राहावे लागेल. समीक्षकालाही ही सूट नाही. 'प्रतिष्ठेची भाषा' असे म्हटले की लिहिणे सोपे होते, एवढे मी स्वतःवरून सांगू शकतो.

२०१६चे ते व्याख्यान पुस्तकात घ्यावे असे एका प्रकाशकमित्राचे म्हणणे होते. मी ते काढून ठेवले आहे. सध्या नानांकडून शब्द उतरवून घेणे चालू आहे, बारी, जुकाट, पोहणी, आदत, आणि त्या प्रत्येकापुढे बैलाला काय केले जाई हे लिहितो आहे. पराणीच्या नोंदीसाठी एक पान ठेवले आहे. ते नानांनी सांगितले तसेच भरायचे आहे.